चार नंबरचा बोल्ट

१

आधी एक लांबट शेड डोळ्यांसमोर आणा. शाळेतले तीन वर्ग एकापुढे एक मांडले, तर जेवढी लांबी होईल तेवढी. खिडकी एकही नाही. या टोकाला जमिनीवर जाड चटया; त्यांवर पालथं झोपून नेम धरायचा. त्या टोकाला दिव्यांच्या उजेडात पुठ्ठ्याची कार्डं लावलेली, त्यांवर काळी वर्तुळं.

आता तुम्ही चटयांपाशी उभे आहात असं समजा. डावीकडे काचेचं दार आहे. त्यापलीकडे चहाची खोली, आणि त्या खोलीतून बाहेर जायचा रोजचा रस्ता. उजव्या कोपऱ्यात, कोट टांगायच्या खुंट्यांमागे, एक लोखंडी दार आहे. ते थेट गाड्या लावायच्या जागेत उघडतं. त्याला जबर स्प्रिंग आहे, त्यामुळे सोडलं की आपोआप बंद होतं. बाहेरून मात्र ते उघडता येत नाही, कारण बाहेरच्या बाजूला कडीच नाही.

सगळं नीट दिसलं ना? विसरू नका. तुम्हाला ते लागणार आहे.

ही शेड एका छोट्या रायफल क्लबची. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहराच्या कडेला, शेवटचा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, ओलांडला की कालव्याजवळ. साल दोन हजार पाच, ऑक्टोबरचा एक शनिवार. चार वाजता क्लबचे सेक्रेटरी मिस्टर थर्लो यांनी बोल्ट ठेवायचा लाकडी ट्रे उघडला. त्यात पाच खाचा होत्या. पहिली भरलेली, दुसरी, तिसरी, पाचवी भरलेली.

चौथी रिकामी.

२

बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागच्या अंगाला पुढे-मागे सरकणारा, अंगठ्याएवढा जाड पोलादी दांडा. तो काडतूस आत ढकलतो आणि उडालेलं काडतूस बाहेर ओढतो. तो नसेल तर रायफल म्हणजे नुसती नळी. म्हणूनच नेमबाजी संपली की बोल्ट काढून ट्रेमध्ये ठेवायचे, मोजायचे आणि तिजोरीत टाकायचे, असा नियम. एक जरी कमी भरला तरी पोलिसांना कळवायचं.

"पाच वाजेपर्यंत," मिस्टर थर्लो म्हणाले, "मी थांबेन. पाचला फोन करेन."

खोलीत पाच जण होते. एक मिस्टर थर्लो स्वतः, ताठ पाठीचे, शब्द तोलून बोलणारे. दुसरा डेरेक, तीस वर्षं क्लबच्या रायफली सांभाळणारा म्हातारा. तिसरा अनुप, पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला तरुण. चौथी नीना बोकारे. आणि पाचवी नीनाची अकरा वर्षांची मुलगी तनू, जी चहाच्या टेबलाशी भूगोलाचा होमवर्क घेऊन बसली होती.

अनुप आणि नीना दोघंही इथे शिकाऊ सभासद होते. पिस्तूल त्या देशात सामान्य माणसाला मिळत नाही. नेमबाजीसाठी साधी छोटी रायफल हवी असली तरी आधी क्लबमध्ये तीन महिने कोर्स करावा लागतो. मग क्लबनं सही केली, तर पोलीस लायसन्सचा विचार करतात. नीनानं नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवली होती. वीस वर्षांनी हातात पुन्हा रायफल आली, तेव्हा पहिल्याच दिवशी डेरेक म्हणाला होता, "हिला मी काय शिकवणार!"

आज तिचा कोर्सचा शेवटचा दिवस. तिचा फॉर्म मिस्टर थर्लोंच्या समोर होता. सगळं भरून झालेलं, सही तेवढी राहिलेली.

"मिसेस बोकारे," ते म्हणाले, "चार नंबरची रायफल आज तुमच्याकडे होती."

"हो. बोल्ट काढून मी ट्रेमध्ये ठेवला. चौथ्या खाचेत."

"मग कार्ड आणायला तुम्ही दोघं पलीकडे गेलात. परत आलात. त्या वेळी मी इथून काचेतून पाहत होतो." ते थांबले. "तुम्ही कोट घ्यायला खुंट्यांपाशी गेलात. तिथे खाली वाकलात, जमिनीवरून काहीतरी उचललंत आणि हात छातीशी नेलात. कोटाच्या आत."

नीनाचा चेहरा पांढरा पडला.

"मी वाकलेच नाही," ती म्हणाली.

३

सगळ्यांच्या पिशव्या पाहून झाल्या. खिसे उलटे केले. नीनाला कोट झटकून दाखवायला सांगितलं, मग बूट काढायला. ती एका पायावर उभी राहून बुटाची नाडी सोडत होती, तेव्हा डेरेकनं तोंड फिरवून आपली टोपी खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर नीट पसरून ठेवली. शेडमध्ये चटयांखाली, कचऱ्याच्या डब्यात, रिकाम्या काडतुसांच्या बादलीत, सगळीकडे शोधलं. बोल्ट नव्हता.

"आई," तनू हळूच म्हणाली, "तू वाकला होता का?"

"वाकली होतीस," नीनाच्या तोंडून सवयीनं गेलं. मग ती म्हणाली, "नाही गं. शपथ. मी वाकलेच नाही."

मिस्टर थर्लो कडक होते, पण खोटं बोलणारे नव्हते. आईही खोटं बोलत नव्हती. मग?

"नीनाताई, टेन्शन घेऊ नका," अनुप म्हणाला. "सापडेल. फार तर माझ्यावर ढकला, माझं नाहीतरी कार्डावर काही धड लागत नाही."

"अनुप, गंमत नको रे आज." नीनाचा आवाज कापला. "सोमवारी आमचे तिघांचे अर्ज जायचेत. कायम राहण्याचे. चार वर्षं वर्क परमिटवर काढली. त्या फॉर्मवर सरळ विचारतात, पोलिसांकडे काही प्रकरण आहे का म्हणून."

अनुपचं हसू मावळलं.

घड्याळात चार वीस झाले होते. मिस्टर थर्लो एकेकाला प्रश्न विचारत होते आणि पेन्सिलीनं टिपून घेत होते. तनूनं भूगोलाची वही उलटी केली, शेवटचं पान काढलं आणि तीही टिपू लागली. कोणी तिला अडवलं नाही. पान उलटताना तिला स्वेटरची बाही मनगटाशी खरखरीत लागली. क्लबच्या जाडजूड हजेरी रजिस्टरात मघाशी जाण्याच्या वेळची सही करताना त्याची खालची कड ओली होती, वाळूचे कण लागलेले होते. ते तिनं बाहीनं पुसले होते. तिनं बाही झटकली आणि लिहू लागली.

अनुपचं म्हणणं असं: "नेमबाजी साडेतीनला संपली. बोल्ट काढले, ट्रेमध्ये ठेवले. मी आणि नीनाताई बरोबरच पलीकडे गेलो, कार्डं काढली. त्या पुढे होत्या, मी मागे. परत येऊन मी माझं कार्ड बाकावर ठेवलं तर ते उडून चटईखाली गेलं. मी म्हटलं, बघा, माझे मार्क पण पळून चालले."

नीनाचं म्हणणं: "चार नंबरनं आज त्रास दिला. दोनदा रिकामं काडतूस आतच अडकलं, बाहेर आलं नाही. मी हात वर केला. डेरेकनं बारीक स्क्रूड्रायव्हरनं काढून दिलं. म्हणाला, काही विशेष नाही. परत आले तेव्हा मी कार्डाकडेच बघत होते. शंभरात अठ्ठ्याण्णव पडले होते."

"डेरेक तेव्हा कुठे होता?"

"दिसला नाही. वाटलं, चहा टाकायला गेला असेल."

डेरेकचं म्हणणं सगळ्यात छोटं होतं. "मी शेडमध्येच होतो. आवराआवर करत. मग रजिस्टर घेऊन इकडे आलो, सह्या घ्यायला."

"ते लोखंडी दार?"

"आज उघडलंच नाही. आणि कोणी गेला बाहेर, तर परत येणार कुठून? तुमच्या समोरूनच ना? आलं का कोणी?"

"नाही," मिस्टर थर्लो म्हणाले. "साडेतीन ते चार, या खोलीतून कोणी बाहेर गेलं नाही आणि बाहेरून कोणी आत आलं नाही. मी आणि ही मुलगी, आम्ही दोघं इथेच होतो."

म्हणजे बोल्ट आत असायला हवा. आणि आत तो नव्हता.

तुम्हीही क्षणभर थांबा. तनूच्या वहीत जे होतं ते सगळं आता तुमच्याकडेही आहे.

४

पावणेपाच. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तीन वाजता तो सुरू झाला होता. तनूला वेळ पक्की आठवत होती, कारण त्या आवाजानं दचकून तिची नद्यांच्या नकाशावरची रेघ वाकडी गेली होती.

मिस्टर थर्लोंनी फोन जवळ ओढला. नीना खुर्चीत बसून नुसती समोर बघत होती. तनूला काही सुचेना. ती टेबलाखाली पाय हलवत राहिली. बुटाचं टोक दप्तराला लागलं.

तिचा उजवा हात खाली गेला, दप्तराला टेकला आणि छातीशी आला. हे तिला कळलंसुद्धा नाही.

"काय उचललंस?" मिस्टर थर्लो एकदम म्हणाले.

"काही नाही."

"मी पाहिलं. तू वाकलीस, काहीतरी उचललंस आणि स्वेटरमध्ये घातलंस."

"मी वाकलेच ना—" तनू बोलता बोलता थांबली. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून छातीवरच होता.

ती ताडकन उठली. "मिस्टर थर्लो, मला पाच मिनिटं द्या. फक्त पाच. पण तुम्ही काचेतून बघायचं. मघाशी बघत होतात तसंच."

ती इंग्रजीत बोलत होती. त्या भाषेत तिची जीभ अडखळत नसे. मिस्टर थर्लोंनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फोनवरचा हात त्यांनी काढला नाही, पण मान हलवली.

तनू शेडमध्ये गेली. खुंट्यांपाशी, कोटांच्या सावलीत, तिनं भूगोलाचं पुस्तक जमिनीवर ठेवलं. मग मोठ्यानं हाक मारली, "अनुपकाका! तुमचा जॅकेट आणता का? आई म्हणते, आपण निघू."

"निघू? आणि हे प्रकरण कोण निस्तरणार, तनूबाई?" अनुप बडबडत आला. "आज मॅच पण गेली, जेवण पण गेलं, आता घरी जाऊन बायकोला काय सांगू..." जॅकेटला हात घालताना त्याचं पाऊल पुस्तकावर पडलं. तो वाकला. बोटं पुस्तकाला लावली, छातीला लावली. जॅकेट काढलं. "...सांगेन की बंदुकीच्या क्लासला जाऊन चोर ठरलो."

तो चहाच्या खोलीत परतला. मिस्टर थर्लो उभे होते.

"मिस्टर अनुप, तिथे तुम्ही खाली का वाकलात?"

अनुप गोंधळला. "मी? मी कुठे वाकलो?"

मिस्टर थर्लोंनी फोनवरचा हात काढून घेतला.

५

"आमच्याकडे," तनू म्हणाली, "कशाला चुकून पाय लागला तर त्याला हात लावून नमस्कार करतात. सॉरी म्हणण्यासारखं. लहानपणापासून करतात, म्हणून कळत नाही. तुम्ही दार उघडून आधी बाईंना जाऊ देता, ते तरी तुम्हाला कुठे आठवतं?"

नीनानं तोंडावर हात ठेवला.

"ठीक आहे," मिस्टर थर्लो सावकाश म्हणाले. "तुझ्या आईचा पाय कशाला तरी लागला. पण म्हणून काय सिद्ध होतं? तिथे जमिनीवर काहीच नाही."

"आत्ता नाही. तेव्हा होतं. आणि नमस्कार सगळ्याला करत नाहीत. पायपुसण्याला नाही, बुटाला नाही. माणसाला करतात. कामाच्या हत्याराला करतात. आणि पुस्तकाला."

"बोल्टालाही मग करतील," डेरेक पहिल्यांदाच मध्ये बोलला. त्याचा आवाज घोगरा होता. "जमिनीवर बोल्टच पडला असेल. पाय लागला, उचलला."

तनू घाबरली. याचा तिनं विचारच केला नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते. मग तिनं पुन्हा आपल्या बाहीकडे पाहिलं. वाळूचे दोन-तीन कण लोकरीत अजून अडकलेले होते.

"मिस्टर थर्लो, तुमचं रजिस्टर बघता? खालची कड. मी सही केली तेव्हा ती ओली होती. वाळू होती. मी पुसली, या बाहीनं."

मिस्टर थर्लोंनी रजिस्टर उचललं. जाड पुठ्ठ्याची खालची कड फुगली होती. पानांच्या फटीत बारीक खडी होती, आणि कव्हरवर आडवा खोल वळ उठला होता. जड दाराची कडा दाबून बसावी तसा.

"पाऊस तीन वाजता आला," तनू म्हणाली. "त्याच्या आधी सगळे आत आले होते. मग आतलं रजिस्टर ओलं कसं झालं? आणि शेडला खिडकी नाही, तर अनुपकाकांचं कार्ड उडवायला वारा कुठून आला?"

"लोखंडी दार," मिस्टर थर्लो म्हणाले.

"ते बाहेरून उघडत नाही. म्हणून बाहेर जाऊन परत यायचं असेल तर फटीत काहीतरी जड अडकवायला पाहिजे. जवळ जे होतं ते कोणीतरी घेतलं. दार कोटांच्या मागे आहे, म्हणून आईला फट दिसली नाही. ती तिचे मार्क बघत होती. पायाला मात्र लागलं."

मिस्टर थर्लोंनी रजिस्टर हलकेच टेबलावर ठेवलं. यापुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. ते स्वतःच मोजू लागले. "मिसेस बोकारे आणि मिस्टर अनुप, दोघं कार्डांपाशी, एकमेकांच्या समोर. मी आणि ही मुलगी इथे." त्यांची नजर रेडिएटरवर गेली. "डेरेक, तुझी टोपी वाळत का घातली आहेस?"

डेरेकनं टोपीकडे पाहिलं.

मग तो उठला. पाय ओढत शेडमध्ये गेला, लोखंडी दाराशी थांबला. इकडेतिकडे पाहिलं. दार अडवायला काहीतरी हवं होतं. शेवटी अनुप पुढे झाला आणि त्यानं खांद्यानं दार धरून ठेवलं. डेरेक पावसात आपल्या व्हॅनपर्यंत गेला आणि परत आला. हातात तेलकट फडकं होतं. फडक्यात बोल्ट, त्यावर कोरलेला चारचा आकडा.

"काडतूस ओढणारा हूक तुटलाय," तो म्हणाला. "गेल्या शनिवारीच तुटला असणार. मी तपासला नव्हता. तपासला म्हणून लिहिलं मात्र होतं. वाटलं, दहा मिनिटांत नवा बसवतो, कोणाला कळणार नाही. पण आज फॉर्मवर सही करायची म्हणून तू ट्रे लवकर उघडलास."

मिस्टर थर्लोंनी रजिस्टरची मागची पानं उलटली, जिथे रायफलींच्या तपासणीची नोंद असे. गेल्या शनिवारच्या तारखेसमोर डेरेकच्या वळणदार अक्षरात होतं: चार नंबर. तपासली. ठीक.

"अशा रायफलीत जिवंत काडतूस आत राहिलं असतं," ते म्हणाले, "आणि कोणाला कळलं नसतं. तीस वर्षं, डेरेक!"

"तीस वर्षं एकदाही चुकलो नाही. म्हणूनच सांगता येईना."

नीना उठली. तिचा आवाज आता कापत नव्हता.

"चूक सगळ्यांची होते, डेरेक. पण मी इथे एका पायावर उभी राहून बूट काढत होते, तेव्हा तुम्ही तीन हातांवर होतात. आणि तुम्ही टोपी वाळत घातलीत."

डेरेकनं मान खाली घातली.

पाच वाजायला चार मिनिटं होती. मिस्टर थर्लोंनी फोन बाजूला सारला, पेन उघडलं आणि नीनाच्या फॉर्मवर सही केली. मग उभं राहून ते म्हणाले, "मिसेस बोकारे, जे पाहिलं ते मी बरोबर पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ तुम्हाला न विचारता लावला. माफ करा."

"तुम्ही विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं," नीना म्हणाली. "मला तरी कुठे माहीत होतं?"

घरी जाताना ती एका राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारून गेली. वळण चुकलं म्हणाली. तनूला दिसलं की ती रडत होती.

६

सोमवारी अर्ज गेले. क्लबच्या कमिटीनं डेरेककडून रायफलींच्या किल्ल्या काढून घेतल्या. सभासद म्हणून मात्र राहू दिलं, आणि झाडलोटीचं काम दिलं. ते त्यानं घेतलं.

मंगळवारी तनूच्या शाळेत लाकडी कामाचा तास होता. सरांनी सांगितलं, काय बनवायचं ते प्रत्येकानं ठरवा. कोणी पक्ष्यांचं घर घेतलं, कोणी पेन ठेवायचा डबा. तनूनं पाइनचा एक ठोकळा घेतला. तो तिनं तिरपा कापला आणि दोन तास घासत बसली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," तनू म्हणाली.

शनिवारी पुन्हा पाऊस होता. डेरेक शेडमध्ये रिकामी काडतुसं झाडत होता. नीना सरळ आपल्या चटईकडे गेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही झाडू थांबवला नाही. रजिस्टर लोखंडी दाराजवळच्या स्टुलावर होतं, कडेला फुगलेलं.

तनू काचेच्या दारात उभी राहिली. आईकडे पाहिलं, मग त्या वाकलेल्या पाठीकडे. तिचा राग अजून गेला नव्हता. तो घेऊनच ती चालत गेली, दप्तरातून लाकडाची पाचर काढली आणि डेरेकच्या समोर धरली.

"दारासाठी आहे," ती म्हणाली. "आता पुस्तक नका घेऊ."

डेरेकनं झाडू भिंतीला टेकवला. त्यानं पाचर घेतली, घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि कितीतरी वेळ ती हातातच धरून ठेवली.

तनूनं स्टुलावरून रजिस्टर उचललं, दोन्ही हातांनी चहाच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं, आणि आपल्या नावापुढे आल्याची वेळ लिहिली.